जल-सेवन वर्तन

मुलींचं वसतिगृह
९ जानेवारी

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. घातला असं समज. दोन खाटांच्या मधल्या जागेत नुसतं वाकता येतं.

बातमी अशी की तुझ्या भोंग्याचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय परिषदेत घेतलाय! परिषदेचं नाव 'स्त्री सक्षमीकरण : दशा, दिशा आणि दिशादर्शन'. दिशादर्शन कोण करणार ते पत्रिकेवरच्या फोटोंवरून लगेच कळतं. वरची ओळ सगळी पुरुषांची. खाली कोपऱ्यात प्रमुख पाहुण्या, आणि त्यांना तिथे बसवताना जागा कमी पडल्यामुळे त्यांचा एक कान कापला गेलाय. आंतरराष्ट्रीय अशासाठी की परदेशातून एक प्राध्यापिका खरोखरच येणार आहेत.

मी निबंधाला नाव दिलं होतं 'ड्युटीवर पाणी न पिणाऱ्या बायका'. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "अगं, पण हे तर वाचताक्षणी कळतंय!" आता नाव असं आहे : 'सार्वजनिक परिवहन सेवेतील स्त्री-वाहकांच्या जल-सेवन वर्तनाचा चिकित्सक अभ्यास'. यातल्या वाहक म्हणजे तू आणि तुझ्या बाकावरच्या बाकीच्या कंडक्टर. सुट्टीत डेपोत बसून तुमच्याशी जे बोलले ते सगळं यात आलंय. घरून निघताना घोटभर चहा, मग शेवटची ट्रिप संपेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठे? पुरुष भिंतीमागे जातात. तुमच्यासाठी बांधलेल्या महिला कक्षाला फीत कापली त्या दिवसापासून कुलूप. आत डेपोचं सामान आणि किल्ली साहेबांच्या खणात.

मी तुला शब्द देते, मावशी. हे एकदा मंचावरून बोलले की पेपरात येईल, वरपर्यंत जाईल आणि तुमच्या कक्षाचं कुलूप निघेल. हसू नकोस. शिवाय निबंध मांडल्याचं प्रमाणपत्र मिळालं की माझा प्रबंधही मार्गी लागेल, त्याशिवाय तो घेतच नाहीत.

तू ऐकायला ये. आई असती तर तिला पहिल्या रांगेत बसवलं असतं, आता तिथे तू बस. मी खुर्ची धरून ठेवते. तुझी कंबर कशी आहे?

पत्र नेहमीप्रमाणे तुमच्या रेडिओकाकांच्या गाडीने पाठवतेय. तुझा फोन ड्युटीवर लॉकरमध्ये असतो आणि घरी तू त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीस, तेव्हा आपलं टपाल ड्रायव्हरमार्फतच बरं. पाकीट घट्ट चिकटवलंय. त्यांना उगाच कोणी रेडिओ म्हणत नाही.

तुझी,
भोंगा


डेपो, बायकांचा बाक
१३ जानेवारी

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद. जन्मल्या जन्मल्या तू रडून दवाखाना डोक्यावर घेतला होतास. तेव्हाच मी ताईला म्हटलं होतं, तुझी ही पोरगी पुढे माइकवर जाणार.

निबंधाचं नवं नाव सगळ्यांना वाचून दाखवलं. पहिल्यांदा कोणालाच काही समजलं नाही. समजलं तेव्हा आमच्यातली धाकटी, ती नवीन लागलेली, म्हणाली, "आपण पाणी पीत नाही याला वर्तन म्हणतात होय? मला वाटलं नाइलाज म्हणतात." मी तिला गप्प केलं. म्हटलं, शिकलेल्या माणसांना प्रश्न विचारू नये, ते उत्तर देत बसतात आणि ट्रिप चुकते.

साहेबांनाही मुद्दाम जाऊन सांगितलं की माझी भाची आपल्या डेपोवर आंतरराष्ट्रीय बोलणार आहे. खुर्चीतून अर्धे उठले आनंदाने. "डेपोचं नाव घेईल ना?" म्हटलं, घेईल की, कुलपासकट घेईल. तसे परत बसले. म्हणाले, "बाई, आत सामान आहे म्हणून कुलूप आहे." मी म्हटलं, मग सामान हलवा. तर म्हणे, "हलवणार कसं? कुलूप आहे ना!" फीत कापल्यापासून आमचं हे असंच चाललंय. कात्री त्यांनी अजून टेबलावर जपून ठेवलीय.

तेव्हा शब्दबिब्द देऊ नकोस. बोलून कुलपं निघत असती तर युनियनच्या एकेका भाषणाने डेपोची दारं उडून गेली असती. तू आपला निबंध वाच, प्रमाणपत्र घे आणि प्रबंध पुरा कर. माझी अट एकच. माझं नाव नको आणि फोटो नको. फोटोत मी नेहमी कोणाला तरी बिनतिकीट पकडल्यासारखी दिसते.

कंबर ठीक आहे. वयाची दुखते. अधूनमधून थंडी वाजून ताप येतो, पण आमच्या गाड्यांच्या खिडक्या कुठे बंद होतात, वारं लागत असेल. तू त्यात डोकं घालू नकोस. ऐकायला नक्की येते. रजेचा अर्ज टाकलाय.

तुझी,
मावशी


वसतिगृह
१९ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. मंचाची भीती वाटायला लागलीय.

मॅडमनी तालीम घेतली. बोलताना हसतमुख राहायचं. हात हलवायचे नाहीत. आणि 'लघवी' हा शब्द मंचावर उच्चारायचा नाही. मी म्हटलं, मॅडम, सगळा निबंधच त्यावर आहे. तर म्हणाल्या, 'शारीर निकड' म्हण. मी आरशासमोर म्हणून पाहिलं. दरवेळी वाटतं की कोणीतरी तातडीची बातमी घेऊन धावत आलंय. मग मी विचारलं, 'मूत्रमार्गाचा संसर्ग' म्हटलं तर? तो चालेल म्हणाल्या, तो आजार आहे. म्हणजे आजारी पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि पडलं की मंचावर यायचं!

तुमच्या बाकावर जवळजवळ प्रत्येकीला तो केव्हा ना केव्हा होऊन गेलाय. फक्त तू म्हणालीस, "मला कसलं काय होतंय!" म्हणून तुला 'निरोगी' या रकान्यात टाकलंय. तिथे तू एकटीच आहेस, ऐसपैस बस.

खुर्ची धरलीय हं. ये.

तुझी,
भोंगा


मैत्रिणीच्या घरून
२४ जानेवारी

प्रिय भोंग्या,

आशीर्वाद. परिषदेला मला यायला जमणार नाही. रजा मंजूर झाली, पण ती इथेच संपणार. एका मैत्रिणीने फारच धरून ठेवलंय.

पाहुणचाराला तोड नाही. दिवसभर नुसतं पडून राहायचं, इकडची काडी तिकडे करू देत नाहीत. दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन विचारतं, पाणी प्यायलात का, किती प्यायलात. बाथरूम खोलीला लागूनच आहे आणि त्याला कुलूप नाही! महाराणीचा थाट आहे. अक्षर वाकडंतिकडं आलंय ते माफ कर, उजवा हात जरा अडकलाय म्हणून डाव्याने लिहितेय.

रकान्याचं वाचलं. असू दे. कोणीतरी एक निरोगी हवीच, नाहीतर लोकांना वाटेल डेपोत सगळ्या रडक्याच भरल्यात.

घाबरू नकोस. माइक बिघडला तर तुला काय फरक पडतो?

हे पत्र रेडिओकडे देत नाही, दुसऱ्या गाडीने पाठवतेय. सध्या त्याची आणि माझी बोलचाल बंद आहे.

मावशी


वसतिगृह
३० जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. रागावलेय, तरी नमस्कार. पुढच्या रांगेतल्या तुझ्या खुर्चीवर शेवटी आयोजकांची बॅग बसली. मैत्रिणीचा पाहुणचार एवढा सुटेना का तुला?

आता ऐक. सभागृह एकदम झोकात. दारातच प्रत्येकीला पिशवी, पिशवीत पेन, वही आणि पाण्याची बाटली. खुर्चीवर बाटली, टेबलावर बाटली, मंचावर तर माणसं बाटल्यांच्या मागे लपलेली. मला तुमचा बाक आठवत होता. आधी पाहुण्यांचं स्वागत झालं, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत झालं. एका गृहस्थांनी सांगितलं की स्त्रीला आता कोणी थांबवू शकत नाही, आणि स्वतः थांबायचं मात्र विसरले. आम्ही खाली बसून पाणी पीत होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

सुट्टी झाली तशा सगळ्या उठल्या. बघतो तर त्या मजल्यावरच्या महिला स्वच्छतागृहाला कुलूप! दारावर कागद, 'फक्त प्रमुख पाहुण्यांसाठी राखीव'. प्रमुख पाहुण्या तर भाषण करून निघूनही गेल्या होत्या. त्यांना सोडायला शिपाई गाडीतून गेला आणि त्याच्या खिशात किल्ली गेली. त्यांनी ते वापरलंसुद्धा नव्हतं, असं मागाहून कळलं. आयोजक हात जोडून म्हणाले, "भगिनींनो, मागच्या इमारतीत एक आहे." एक म्हणजे खरोखर एक. अख्खी परिषद तिकडे निघाली.

आणि नेमकं माझं सत्र सुरू झालं. विषय 'स्त्री आणि कामाच्या ठिकाणचे आरोग्य'. अध्यक्षस्थानी एक प्राध्यापक. समोर रिकाम्या खुर्च्या, माइकवाला, आपल्या पाळीची वाट बघणारे दोन गृहस्थ आणि एक झोपलेले.

मी म्हटलं, "सर, थोडं थांबूया का? सगळ्या बायका रांगेत आहेत."

त्यांनी घड्याळ बघितलं. "वेळेची शिस्त पाळली पाहिजे. सुरू करा. विषय काय तुमचा?"

"हाच, सर."

"हाच म्हणजे?"

"त्या इथे का नाहीत, तो."

"मग मांडा की! त्या नसल्या म्हणून कुठे काय अडतंय?"

मावशी, तुला माझा राग माहीत आहे. डोक्यात अशी सणक गेली की मी कागद उचलले आणि सरळ बाहेर पडले.

मागच्या इमारतीतली रांग जिन्यावरून उतरून पार अंगणात आली होती. प्राध्यापिका, डॉक्टर, वकील, संपादक, सगळ्या या पायावरून त्या पायावर. आमच्या मॅडमही होत्या, अगदी शेवटी, चेहरा भलताच चिकित्सक. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि भोंगा सुरू केला. कागद उघडलेच नाहीत. तुम्ही जसं सांगितलंत तसं सांगत गेले. शारीर निकड नाही, जल-सेवन नाही. लघवी म्हटलं, चांगलं मोठ्याने म्हटलं. कोणी नाक मुरडलं नाही. कोणाला उठून जाताही येत नव्हतं म्हणा, गेली तर नंबर जाणार. इतके जखडलेले श्रोते त्या मंचावर कोणाला मिळाले नाहीत!

आधी खूप हसल्या. मग मी तुमच्या धाकटीचं ते 'वर्तन नव्हे, नाइलाज' सांगितलं, तेव्हा हसू थांबलं. एक वकीलबाई म्हणाल्या, "आमच्या कोर्टात वेगळं काय आहे?" एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. परदेशी प्राध्यापिकांना कोणीतरी भाषांतर करून देत होतं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे कारखान्यातल्या बायका हेच करतात. परिषद आंतरराष्ट्रीय झाली ती त्या जिन्यावर.

आता निकाल ऐक. सत्राच्या नोंदीत माझ्या नावापुढे 'अनुपस्थित'. निबंध मांडल्याचं प्रमाणपत्र नाही. पण रिकाम्या हाताने पाठवलं नाही हो! मी रांगेशेजारी उभी राहून ओरडताना आयोजकांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं मी स्वयंसेविका. समारोपात मला मंचावर बोलावून 'उत्कृष्ट रांग-व्यवस्थापना'बद्दल प्रमाणपत्र दिलं. टाळ्या वाजल्या. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी दुसरी परिषद बघू. पेपरात फोटो आला तो मंचाचा, बाटल्यांसकट. तेव्हा प्रबंध लटकला, कुलूप जिथल्या तिथे, आणि माझा शब्द खोटा पडला. तू म्हणालीच होतीस. हस आता.

तुझी,
भोंगा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत रेडिओकाका भेटले, म्हणून स्टँडवरच्या बाकावर बसून लिहितेय. मी आपलं सहज विचारलं, मावशी अजून मैत्रिणीकडेच का? तर म्हणाले, "कसली मैत्रीण? हॉस्पिटलात आहे ना ती! चालत्या गाडीत पडली. अंगात ताप नुसता फणफणत होता. लघवीचा संसर्ग किडनीपर्यंत गेलाय म्हणे, कितीतरी दिवस अंगावर काढला तिने. मला म्हणाली, पोरीला सांगितलंस तर याद राख." मग त्यांनी जीभ चावली.

मावशी, माझ्या निबंधात तू निरोगी आहेस. मी त्या जिन्यावर उभी राहून सगळ्यांना सांगितलं की यातल्या एकीला मात्र काहीही त्रास नाही. सगळ्यांना बरं वाटलं ऐकून. मी तुझ्या शेजारी बसून विचारलं होतं गं, आणि तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस. उजवा हात अडकलाय म्हणे! सलाइनमध्ये अडकलाय हे मला कळायला नको होतं? मी इथे भर स्टँडवर रडतेय, काका गाडी सोडत नाहीयेत आणि प्रवासी आरडाओरडा करतायत. प्रबंध गेला खड्ड्यात. मी उद्या निघतेय.


डेपो
१९ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद. तू हॉस्पिटलात येऊन रडलीस, भांडलीस, शेजारच्या खाटेवरच्या आजींची झोप उडवलीस आणि जाताना नर्सबाईंना त्या किती पाणी पितात ते विचारून गेलीस. खोटं का बोललीस म्हणून तू विचारलंस तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. आता सांगते. आजारी आहे म्हटलं की हलकी ड्युटी देतात. हलकी ड्युटी म्हणजे चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि पुन्हा गाडीवर जायचं नाव काढायचं नाही. मला माझी गाडी आवडते गं. तेवढ्यासाठी बोलले.

गेल्या आठवड्यात कामावर हजर झाले. डॉक्टरांची सक्त ताकीद, तासातासाला पाणी. मी बाकावर बसून पेला भरला, तर सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी विष घेतेय. मग मी तुझं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. जिन्यावरच्या रांगेपाशी आले आणि धाकटी म्हणाली, "पण साहेबांच्या केबिनमध्ये आहे की एक."

झालं. सगळ्या पाणी प्यायल्या, अगदी पोटभर. आणि गाड्या सुटायच्या वेळेला साहेबांच्या केबिनबाहेर एकामागे एक उभ्या राहिल्या. मी पहिली. डोक्यावर त्यांनीच लावलेली पाटी, 'कृपया रांगेत उभे राहावे'.

साहेब बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"काही नाही साहेब. रांग आहे."

"संप आहे का हा?"

"छे छे. संपाला आधी नोटीस देता येते. याला नाही देता येत."

तिकडे गाड्या भरलेल्या, ड्रायव्हर चाकावर बसलेले, पण डबल बेल द्यायला कोणी नाही. आणि बेल ऐकल्याशिवाय गाडी हलवायची नाही हा साहेबांचाच नियम. का थांबलोय ते रेडिओने सगळ्या फलाटांवर सांगून टाकलं. त्याला कोणी सांगायला सांगितलं नव्हतं, पण तो रेडिओच. मग गाड्यांमधून बायका उतरायला लागल्या. एक म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, "मलाही जायचंय बाई, सकाळपासून." तिला पुढे घेतलं. रांग फलाटाला वळसा घालून फाटकापर्यंत गेली. एकेक बाई साहेबांना नमस्कार करून आत जायची आणि नमस्कार करून बाहेर यायची. त्यांच्या बाथरूममध्ये त्यांनाच नंबर लागेना. थोड्या वेळाने तेही या पायावरून त्या पायावर. निबंध न वाचता समजला त्यांना.

खणात किल्ली काही सापडली नाही. शेवटी मेकॅनिकने पहार घालून कुलूप तोडलं. आतलं ते मोलाचं सामान सांगू? फाटक्या सीटा, तिकीट मशीनचे रिकामे खोके, आणि दरवर्षीचे 'महिला दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' असे बॅनर, नीट घड्या घालून ठेवलेले.

हुरळून जाऊ नकोस. नळाला पाणी कालपासून आलं. कडी अजून नाही, एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. आणि मला गाड्यांना उशीर केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस आलीय. उत्तर लिहायला घेतलंय. त्यात तुझ्या मॅडमचं 'जल-सेवन वर्तन' घातलं, साहेबांना दोनदा वाचावं लागेल. मॅडमना माझे आभार सांग, असं मोठं नाव कुठेतरी उपयोगी पडतं.

तुझा शब्द खोटा पडला असं लिहिलं होतंस. पडला बिडला नाही, गाडी लेट होती. ते रांगेचं प्रमाणपत्र रागाने फाडलं नसशील तर पाठवून दे, कक्षात लावायचंय. सगळ्यांचं म्हणणं आहे की ते बरोबर माणसाला मिळालंय.

आणि पुढच्या वर्षी निबंध मांडशील तेव्हा मला त्या 'निरोगी'मधून उचल आणि बाकीच्यांच्यात नेऊन बसव. एकटीला करमत नाही तिथे. माझं नाव घातलंस तरी चालेल. फोटो मात्र नको.

थांबते आता. लिहिता लिहिता तांब्याभर पाणी संपलं. जरा जाऊन येते.

तुझी,
मावशी